निवृत्तीच्या पुंजीत सोने किती ठेवावे आणि कोणत्या रूपात: सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

विड्या वळणाऱ्या बाईच्या गळ्यातल्या बोरमाळेपासून यंत्रमाग कारखानदाराच्या लॉकरपर्यंत, सोलापुरात सोने नसलेले घर शोधूनच काढावे लागेल. तरीही निवृत्तीनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची तजवीज म्हणून या सोन्याचा हिशेब फार थोडी घरे मांडतात. 'अडीनडीला सोने आहेच' असे म्हटले जाते, पण प्रत्यक्ष अडचण आली की ते विकले जात नाही, गहाण पडते. आणि घरात लग्न निघाले की उरलेले लेकीसुनांच्या अंगावर जाते. महागाईपासून संरक्षण म्हणून सोने ठेवायचे असेल, तर ते वेगळे काढावे लागते, मोजावे लागते आणि कधी विकायचे हे आधी ठरवावे लागते.

सोन्याचा वाटा वयावरून किंवा भाव कुठे जाईल या अंदाजावरून ठरवू नये. आपल्या निवृत्तीनंतरच्या उत्पन्नातला किती भाग महागाईबरोबर वाढणार नाही, यावरून तो ठरवावा. पुढचे सगळे विवेचन याच सूत्राला धरून आहे.

आपले निवृत्तिवेतन वाढते की गोठलेले आहे, हे आधी पाहा

सोलापुरात निवृत्त होणाऱ्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी आहे. रेल्वेच्या सोलापूर विभागातून जुन्या योजनेखाली निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याला महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन मिळते आणि तो भत्ता सहसा वर्षातून दोनदा वाढतो. अशा माणसाला महागाईचे संरक्षण सरकारनेच दिलेले आहे. त्याने सोन्यात मोठी रक्कम गुंतवण्याचे काहीही कारण नाही.

दुसरा गट १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारी सेवेत किंवा अनुदानित शाळांत लागलेल्यांचा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत जमलेल्या पुंजीतून विमा कंपनीकडून जे वार्षिकी वेतन विकत घेतले जाते, ते बहुतेक प्रकारांत आयुष्यभर तेवढेच राहते. आपण निवडलेल्या पर्यायात महागाईनुसार वाढ आहे की नाही, हे कागदावर तपासून घ्यावे.

तिसरा गट गिरण्या, औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि खासगी आस्थापनांतून निवृत्त झालेल्या, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील लोकांचा. येथे वेतन आणि सेवेची वर्षे यांचा गुणाकार करून त्याला ७० ने भागले जाते आणि वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपये आहे. त्यामुळे ३५ वर्षे सेवा झाली तरी या सूत्राने महिना साडेसात हजारांपलीकडे रक्कम जात नाही. किमान निवृत्तिवेतन तर त्याच महिन्यापासून एक हजार रुपये ठरलेले आहे. यात महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झालेले तीन हजार अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तीन हजारच असतात.

चौथा गट व्यापारी, यंत्रमागधारक, अडते, रिक्षाचालक आणि शिलाईकाम करणाऱ्या महिला यांचा. यांना निवृत्तिवेतन मुळातच नाही. जे काही आहे ते स्वतःच्या साठवणीचे. सोन्याची खरी गरज तिसऱ्या आणि चौथ्या गटाला आहे, आणि नेमके याच गटांत सोने दागिन्यांच्या रूपात अडकून पडलेले असते.

खर्च किती वाढेल, याचा हिशेब

महागाईचा दर सहा टक्के धरला तर खर्च बारा वर्षांत साधारण दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतो. आज, साठाव्या वर्षी, महिना २५ हजारांत घर चालत असेल तर बहात्तराव्या वर्षी ५० हजार आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक लाख लागतील. औषधोपचाराचा खर्च याहून वेगाने वाढतो, हे ज्यांनी सोलापुरातल्या खासगी रुग्णालयांची बिले दहा वर्षांच्या अंतराने भरली आहेत त्यांना सांगायला नको.

सोलापूरकरांना येथे एक सोय आहे आणि तिचा उपयोग फारसा कोणी करत नाही. केंद्राच्या श्रम ब्युरोकडून औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला निघतो, त्याच्या ८८ केंद्रांत सोलापूरही आहे. २०१६ हे त्याचे आधारवर्ष आहे. म्हणजे या शहरातल्या कामगार कुटुंबाच्या खर्चाचा आकडा वेगळा उपलब्ध आहे. तीन-चार वर्षांपूर्वीचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवले, तर टीव्हीवरच्या देशभराच्या महागाईपेक्षा जवळचे चित्र मिळते. त्याच्या जोडीला किराणा, दूध, वीज, औषधे आणि विम्याचा हप्ता यांची स्वतःची वही ठेवावी. कारण निवृत्त जोडप्याच्या खर्चात औषधांचा वाटा कामगार कुटुंबापेक्षा मोठा असतो.

सोन्याकडून काय अपेक्षा ठेवावी

सोने व्याज देत नाही, लाभांश देत नाही, भाडे देत नाही. म्हणून दरमहा खर्चासाठी ते निरुपयोगी आहे. त्याचे काम दूरच्या वर्षांसाठी खरेदीशक्ती टिकवण्याचे आहे, आणि ते काम भारतात त्याने बऱ्यापैकी केले आहे. याचा नोंदलेला दाखला म्हणजे सरकारी सुवर्णरोख्यांची, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेल्या सरकारी रोख्यांची, पहिली मालिका. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती ग्रॅममागे २,६८४ रुपयांना विकली गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घेतली गेली. आठ वर्षांची ही वाढ वर्षाला सुमारे अकरा टक्के पडते, व्याज त्याशिवाय.

मात्र हाच दाखला दाखवून कोणी सोने विकत असेल तर त्याला २०१२ ते २०१८ या काळाबद्दल विचारावे. २०१२ मध्ये १० ग्रॅमचा सरासरी भाव ३१ हजारांच्या आसपास होता आणि २०१८ मध्येही तेवढाच होता. सहा वर्षे किराणा महागत गेला आणि सोने जागेवर राहिले. जागतिक बाजारात तर जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरवर गेलेला भाव १९९९ मध्ये २५० डॉलरच्या जवळ उतरला होता आणि ८५० ची पातळी त्याने पुन्हा २००८ मध्ये गाठली. भारतात ही घसरण तितकी जाणवली नाही, कारण त्याच काळात डॉलरच्या तुलनेत रुपया घसरत गेला. म्हणजे सोने भारतीय माणसाला दोन गोष्टींपासून आडोसा देते, महागाई आणि रुपयाची घसरण; आणि दुसरे संरक्षण बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

सरकारी धोरणाचा धोकाही लक्षात ठेवावा. जुलै २०२४ मध्ये आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले तेव्हा भाव एकाएकी खाली आले. १९६८ ते १९९० या काळात सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला सोन्याच्या लगडी बाळगण्यासही बंदी होती, हे आजच्या तरुण सराफांनाही फारसे ठाऊक नसते. म्हणून सगळी पुंजी एका धातूत ठेवणे शहाणपणाचे नाही.

घरातल्या सोन्याची मोजदाद

नवे काही घेण्याआधी असलेले सोने मोजावे. यासाठी एक दुपार काढून, घरातल्या दोघांनी मिळून, डागवार यादी करावी: डागाचे नाव, एकूण वजन, खडे-मोती-लाख वजा जाता निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता, पावती आहे की नाही, आणि डाग कोणाचा आहे. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. पत्नीचे स्त्रीधन हे तिच्या मालकीचे असते. ते कुटुंबाच्या निवृत्तीच्या हिशेबात परस्पर धरणे कायद्यानेही चूक आणि व्यवहारानेही.

वजन करताना 'तोळा' या शब्दाबाबत सावध राहावे. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम समजले जाते, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आजीच्या काळातल्या चिठ्ठ्यांवर तोच असतो. शुद्धतेसाठी हॉलमार्क पाहावा. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० हा आकडा असतो; त्याच्या जोडीला सहा अक्षर-अंकांचा विशिष्ट क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असतो. एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला गेला आणि त्याची शुद्धता किती, हे दिसते. जुन्या, शिक्का नसलेल्या डागांसाठी मान्यताप्राप्त तपासणी केंद्रातून अल्प शुल्कात शुद्धता काढून घेता येते. डाख (जोड) लावलेल्या जुन्या पोकळ पाटल्यांत अपेक्षेपेक्षा कमी सोने निघणे नवे नाही. ते आज कळलेले बरे, सत्तराव्या वर्षी मोडताना नको.

यादी झाली की तिचे तीन भाग करावेत: रोज किंवा सणाला वापरायचे, मुलानातवंडांना द्यायचे, आणि जे विकायला मन तयार आहे असे. निवृत्तीच्या बचतीत फक्त तिसरा भाग धरावा. चाळीस तोळे सोने असलेल्या घरात हा तिसरा भाग शून्य निघू शकतो, आणि तसा निघाला तर ते घर सोन्याच्या बाबतीत निवृत्तीसाठी कोरेच आहे असे समजावे.

वाटा ठरवणे

माझ्या मते महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन असलेल्याला सोन्यात पुंजीच्या पाच टक्के पुरेसे आहेत, किंवा काहीच नको. गोठलेले उत्पन्न असलेल्याने दहा ते पंधरा टक्के ठेवावेत. वीस टक्क्यांच्या वर जाणे म्हणजे संरक्षण सोडून सट्ट्याकडे वळणे होय.

एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. जुळे सोलापुरात स्वतःचे घर असलेले, निवृत्तिवेतन नसलेले साठीचे व्यापारी जोडपे. पुंजी ५० लाख, घरखर्च महिना २५ हजार, आणि एका गाळ्याचे भाडे ५ हजार. त्यांनी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. एका खात्याची हीच कमाल मर्यादा आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० येतात. भाडे धरून खर्च भागतो. उरलेल्यातले ४ लाख बँकेच्या मुदत ठेवीत आजारपणासाठी, १० लाख शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडात, आणि ६ लाख, म्हणजे बारा टक्के, सोन्यात.

आता बारा वर्षे पुढे जाऊ. खर्च ५० हजार झाला. योजनेचे व्याज, नूतनीकरणाच्या वेळी दर तोच मिळाला असे धरले तरी, २०,५०० च राहिले. भाडे दुप्पट होऊन १० हजार झाले. महिन्याला १९,५०० ची तूट, म्हणजे वर्षाला २ लाख ३४ हजार. सोने केवळ महागाईएवढेच वाढले असे धरले तर ६ लाखांचे १२ लाख झालेले असतील आणि ते ही तूट सुमारे पाच वर्षे भरून काढतील. त्याआधीच्या वर्षांतली लहान तूट आणि नंतरची मोठी तूट म्युच्युअल फंडातून भरावी लागेल. थोडक्यात, सोने एकट्याने पुरत नाही. शेअर बाजाराशी निगडित थोडी गुंतवणूक नको असा हट्ट धरून सगळा भार सोन्यावर टाकणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा.

कोणत्या रूपात घ्यावे

येथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात, म्हणून जरा तपशिलात पाहू.

समजा एक लाख रुपयांच्या सोन्याचा दागिना घेतला. घडणावळ बारा टक्के धरली तर १२ हजार, आणि एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी धरला तर ३,३६० रुपये. हातून गेले १,१५,३६०. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला नेला तर घडणावळ आणि कर गेले, वर सराफाने दोन टक्के घट धरली तर हाती येतात ९८ हजार. म्हणजे सोन्याचा भाव जवळपास १८ टक्क्यांनी वाढेल तेव्हा कुठे आपण मूळ रकमेवर येऊ. निवृत्तीची बचत म्हणून दागिना घेणे या एका आकड्याने बाद होते.

नाणे किंवा वेढणी (चोख सोन्याचे साधे वळे) घेतली तर घडणावळ कमी पडते. ती तीन टक्के धरली तर कर मिळून १,०६,०९० रुपये जातात, आणि मोडताना तीच घट धरली तर भाव सव्वाआठ टक्के वाढल्यावर पैसे वसूल होतात. बँकेतून नाणे घेणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे की बँक नाणे विकते, परत घेत नाही. ते शेवटी सराफ बाजारातच न्यावे लागते. वेष्टन फोडू नये आणि शुद्धतेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

तिसरे रूप गोल्ड ईटीएफचे. म्युच्युअल फंड कंपनी आपल्या पैशातून चोख सोने घेऊन सुरक्षित ठेवते आणि त्याचे युनिट शेअर बाजारात विकले जातात. भारतात ही सोय २००७ पासून आहे. त्यासाठी डीमॅट खाते, म्हणजे शेअर-युनिट इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे खाते, लागते. घडणावळ नाही, जीएसटी वेगळा भरावा लागत नाही, चोरीची भीती नाही, आणि दहा ग्रॅमऐवजी थोड्या रकमेचेही युनिट विकता येतात. दरमहा घरखर्चातली तूट भरण्यासाठी हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. पाटलीचा तुकडा कापून विकता येत नाही. खर्च मात्र आहेच. वर्षाला अर्धा टक्का व्यवस्थापन खर्च धरला तर पंधरा वर्षांत सुमारे सात टक्के सोने त्यातच झिजते, म्हणजे नाण्याच्या घडणावळ-घटीइतकेच. केवळ खर्चाच्या हिशेबाने दीर्घकाळात ईटीएफ नाण्यापेक्षा फार स्वस्त पडत नाही, हे फंडवाले सांगत नाहीत. पण नाण्याच्या बाजूला लॉकरचे भाडे मिळवले आणि विकतानाची घासाघीस धरली की पारडे ईटीएफकडे झुकते. निवडताना व्यवस्थापन खर्च कमी आणि रोजची उलाढाल मोठी असलेला ईटीएफ निवडावा, आणि खरेदी-विक्रीचा आदेश नेहमी ठरावीक भाव घालूनच द्यावा.

ज्यांना डीमॅट खाते नको, त्यांच्यासाठी गोल्ड फंड आहेत. ते स्वतः ईटीएफमध्ये पैसे घालतात, त्यामुळे खर्च थोडा वाढतो. पण पाचशे रुपयांची मासिक एसआयपी सुरू करता येते आणि विक्रीचे पैसे थेट बँकेत जमा होतात. साठीनंतर नव्याने शिकणाऱ्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन.

सरकारी सुवर्णरोखे हे सर्वांत चांगले साधन होते: अडीच टक्के व्याज, आठ वर्षांची मुदत, पाचव्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय. त्यांची शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ज्यांच्याकडे जुने रोखे आहेत त्यांनी ते मुदतीपर्यंत धरावेत. शेअर बाजारात दुसऱ्याच्या हातचे रोखे मिळतात, पण उलाढाल कमी आणि भाव अनेकदा चढा असतो. मूळ खरेदीदाराला मिळणारी करमाफी आपल्यालाही मिळेल असे गृहीत धरून ते घेऊ नयेत.

मोबाइलवर दहा रुपयांपासून मिळणाऱ्या 'डिजिटल गोल्ड'पासून निवृत्तीची पुंजी दूर ठेवावी. खरेदीवर तीन टक्के जीएसटी, खरेदी आणि विक्रीच्या भावात फरक, आणि वर नियामक कोणी नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला आहे. सराफांच्या अकरा हप्त्यांच्या योजनेत शेवटी दागिनाच घ्यावा लागतो आणि दुकान बुडाले तर आपण तारण नसलेल्या धनकोंच्या रांगेत उभे राहतो. लग्नाच्या खरेदीसाठी ती ठीक आहे, निवृत्तीसाठी नाही. 'सोने ठेवा, दरमहा टक्के घ्या' असे सांगणारा माणूस ओळखीचा असला तरी त्याला दारातूनच परत पाठवावे.

खरेदी कशी करावी

निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून एकरकमी सोने घेऊ नये. एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमच्या भावाने पहिल्यांदा एक लाख रुपयांची पातळी गाठली तेव्हा ज्यांनी 'आता उतरेल' म्हणून थांबायचे ठरवले आणि ज्यांनी घाईने सगळे पैसे ओतले, त्या दोघांनीही अंदाजावर भिस्त ठेवली होती. पन्नाशीत असाल तर मासिक पगारातून आठ-दहा वर्षे थोडे थोडे घ्यावे. निवृत्त झालेले असाल तर ठरलेली रक्कम चोवीस ते छत्तीस महिन्यांत विभागून घ्यावी. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि गुरुपुष्य यांची प्रथा मोडायची गरज नाही. त्या दिवशी देवापुढे ठेवायला गुंजभर घ्यावे आणि बाकीची खरेदी दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होऊ द्यावी.

दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम दुकानदाराला रोखीने घेता येत नाही. पावती पक्कीच घ्यावी. पुढे कर भरताना खरेदीची किंमत सिद्ध करण्याचा तोच आधार असतो.

वर्षातून एकदा तोल पाहणे

एप्रिलमध्ये, नवे आर्थिक वर्ष लागले की, सगळ्या पुंजीची किंमत एका कागदावर लिहावी. बारा टक्के ठरवलेले सोने भाव वाढून अठरा टक्क्यांवर गेले असेल तर जास्तीचे विकून मुदत ठेवीत टाकावे. आठ टक्क्यांखाली गेले असेल तर थोडे घ्यावे. मधल्या चढउतारांत हात लावू नये. भाव चढलेला असताना विकणे सोलापुरी मनाला फार जड जाते, कारण सोने विकणे ही आपल्याकडे अडचणीची खूण मानली जाते आणि शेजारीपाजारी चर्चा होते. ईटीएफ किंवा फंड विकताना कोणालाच कळत नाही, हा त्याचा न लिहिलेला फायदा आहे.

विक्री आणि कर

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर नियम बरेच सोपे झाले. दागिने, नाणी आणि गोल्ड फंड चोवीस महिन्यांहून अधिक, किंवा शेअर बाजारात नोंदलेला ईटीएफ बारा महिन्यांहून अधिक काळ धरला, तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची जुनी सवलत आता नाही. त्याआधी विकले तर नफा आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो.

निवृत्तांसाठी एक बारकावा उपयोगाचा आहे. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीचे इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर उरलेल्या फरकाएवढा हा दीर्घकालीन नफा करातून सुटतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ही मर्यादा चार लाख आहे. वरच्या उदाहरणातल्या जोडप्याने सगळे सोने एका वर्षात न विकता दरवर्षी तुटीपुरते विकले, आणि ज्याचे इतर उत्पन्न कमी आहे त्याच्या नावावर ते आधीपासून त्याच्याच पैशाने घेतलेले असेल, तर कर नगण्य राहू शकतो. बारा लाखांपर्यंत कर नाही हे ऐकून निर्धास्त होऊ नये. ती सूट या विशेष दराच्या नफ्याला लागू होत नाही.

वारसाने आलेल्या सोन्याला मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते, आणि ते १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला आधीच करून ठेवावा. सराफाकडे मोडताना दोन-तीन दुकानांत भाव विचारावा, यंत्रावर शुद्धता आपल्यासमोर तपासून घ्यावी, वितळवण्याआधी वजन आणि दर लिहून मागावा, आणि पैसे बँक खात्यात घ्यावेत.

विकायचे की गहाण ठेवायचे

तीन-चार महिन्यांत पैसे परत येणार असतील, उदाहरणार्थ विम्याचा दावा मंजूर व्हायचा आहे, तर दागिन्यांवर कर्ज घेणे योग्य ठरते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारणाच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. कर्ज फिटल्यावर तारण सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यावे लागते. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. मात्र ईटीएफच्या युनिटवर किंवा लगडीवर असे कर्ज मिळत नाही. म्हणून वापरातले दागिने तात्पुरत्या गहाणासाठी आणि ईटीएफ विक्रीसाठी, अशी विभागणी ठेवावी. परवाना नसलेल्या सावकाराकडे पाऊल टाकू नये.

निवृत्त माणसाने घरखर्चासाठी गहाणाचे कर्ज काढणे मात्र थेट टाळावे. गोठलेल्या उत्पन्नातून व्याज फिटत नाही, दरवर्षी नूतनीकरण होत राहते, आणि शेवटी दागिना लिलावात जातो. तेवढे सोने आधीच विकले असते तर उरलेले वाचले असते.

लॉकर, नामनिर्देशन आणि कागद

बँकेत आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. तीन हजार भाडे असेल तर तीन लाख. ऐवज पंधरा लाखांचा असला तरी. मोठ्या ऐवजाचा वेगळा विमा घ्यावा.

आयकर छाप्यात विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी १९९४ ची सूचना आहे. ती जप्तीपुरतीच आहे. मालकीचा पुरावा म्हणून पावत्या लागतातच.

लॉकर, डीमॅट खाते आणि फंड या तिन्हींवर नामनिर्देशन स्वतंत्रपणे करावे लागते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे, त्यामुळे कोणता डाग कोणाला हे साध्या इच्छापत्रात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, डागवार लिहावे. सुरुवातीला केलेली यादी येथे जशीच्या तशी जोडता येते. तिची एक प्रत पतीपत्नी दोघांना सापडेल अशा जागी, पावत्या आणि मूल्यांककाच्या दाखल्यासह एकाच फायलीत ठेवावी. आणि दर एप्रिलमध्ये तोल पाहताना त्या वर्षी विकलेले, घेतलेले किंवा लेकीसुनेला दिलेले डाग तिच्यात तारखेसह खोडावेत किंवा वाढवावेत.